खेळ आला, हत्यारे राहिली

सातारा/सांगली (प्रतिनिधी) : संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांच्या प्रोत्साहनाचा व नियमनाचा कायदा विलक्षण वेगाने संमत केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा आणि २२ ला राष्ट्रपतींची संमती. पैसे लावून खेळायच्या खेळांवर सरसकट बंदी, ई-स्पोर्ट्सला क्रीडाप्रकार म्हणून मान्यता आणि मनोरंजनापुरत्या खेळांना निराळा वर्ग, अशी त्याची ढोबळ रचना आहे. त्यानंतर महिना उलटण्याच्या आत, १६ सप्टेंबर रोजी, राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग, कॉमिक्स आदी उद्योगांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. २०५० पर्यंतच्या वाटचालीसाठी त्यात ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा आहे. एका हाताने मनाई आणि दुसऱ्या हाताने आवतण, असे हे चित्र वरवर पाहता दिसते. प्रत्यक्षात दोन्ही निर्णयांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. संगणकावरचा खेळ हे नक्की काय प्रकरण आहे? व्यसन, स्पर्धा, की कारागिरी?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना दिल्ली-मुंबईच्या परिषदांपेक्षा सातारा आणि सांगलीतील जुन्या सायबर कॅफेंकडे वळून पाहणे अधिक उपयोगी पडेल, असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते. तेथील अंधाऱ्या खोल्यांत एका पिढीने ज्या खेळावर डोळे फोडून घेतले, त्या 'हाफ-लाइफ'ने नोव्हेंबर २०२३ मध्ये पंचविशी ओलांडली. त्याच्या दुसऱ्या भागाला नोव्हेंबर २०२४ मध्ये वीस वर्षे पूर्ण झाली. तिसरा भाग अठरा वर्षांहून अधिक काळ वाट पाहायला लावून आजही आलेला नाही.

शास्त्रज्ञाच्या हाती पहार

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देणे भाग आहे. गेब न्यूवेल आणि माइक हॅरिंग्टन या मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या दोघांनी १९९६ साली अमेरिकेत 'व्हॉल्व्ह' ही कंपनी काढली. 'क्वेक' या त्या काळच्या गाजलेल्या खेळाचे तंत्र परवान्यावर घेऊन आणि त्यात प्रचंड फेरफार करून त्यांनी नोव्हेंबर १९९८ मध्ये आपला पहिला खेळ बाजारात आणला. प्रकार जुनाच होता. खेळणाऱ्याच्या डोळ्यांनीच सारे काही दिसते, पडद्याच्या खालच्या बाजूस त्याचा हात आणि त्या हातातले हत्यार. यापूर्वीच्या 'डूम'सारख्या खेळांत हाती बंदूक येई आणि समोर राक्षस येत. कथा नावापुरती असे.

'हाफ-लाइफ'ची सुरुवात गोळीबाराने होत नाही. सुरुवातीची कित्येक मिनिटे आपण एका छोट्या रेल्वेडब्यात उभे असतो. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटाखालील 'ब्लॅक मेसा' नावाच्या अवाढव्य संशोधन केंद्रातून तो डबा संथपणे खाली उतरत राहतो. ध्वनिक्षेपकावर कर्मचाऱ्यांसाठी सूचना चालू असतात. आपण गॉर्डन फ्रीमन, वय वर्षे २७, एमआयटीतून सैद्धान्तिक भौतिकशास्त्राची डॉक्टरेट घेतलेले. आणि एवढ्या शिक्षणानंतर पहिले काम काय, तर एका नमुन्याची ढकलगाडी यंत्रात लोटणे! आपल्याकडच्या संशोधन सहायकांना यात नवल वाटणार नाही. तो प्रयोग फसतो, परक्या विश्वाचे दार उघडते आणि चित्रविचित्र प्राणी केंद्रात शिरतात. बचावासाठी पहिली वस्तू हाती लागते ती बंदूक नव्हे, लोखंडी पहार.

पुढे लष्कर येते. अडकलेले शास्त्रज्ञ सुटकेच्या आशेने सैनिकांकडे धावतात आणि सैनिक त्यांच्यावरच गोळ्या झाडतात. घडलेल्या प्रकाराचा साक्षीदार उरू नये, असा त्यांना हुकूम असतो. हा प्रसंग सांगणारा कोणी निवेदक येत नाही, खेळ थांबवून चित्रफीत दाखवली जात नाही. तो आपल्या डोळ्यांसमोर, आपण चालत असताना घडतो. मार्क लेडलॉ हे मूळचे विज्ञानकादंबरीकार या कथेमागे होते. खेळणाऱ्याच्या हातून सूत्र एकदाही काढून घ्यायचे नाही, हा नियम त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ शेवटपर्यंत पाळला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जेथे 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले, त्या सांगलीच्या वाचकाला यातली मौज वेगळी समजावून सांगण्याची गरज नसावी. भाव्यांच्या नाटकांत सूत्रधार सदैव रंगमंचावर असे आणि कथा त्याच्या गायनातून पुढे सरके. येथे सूत्रधारच काढून टाकला होता, आणि प्रेक्षकाला विंगेतून ओढून मंचावर उभे केले होते.

खेळाचा शेवटही लक्षात राहण्याजोगा. इतका वेळ दुरून पाहणारा सुटाबुटातील एक गूढ गृहस्थ गॉर्डनसमोर येतो आणि नोकरी देऊ करतो. नकार दिल्यास मृत्यू. सातारा-सांगलीच्या मध्यमवर्गीय घरांतून वाढलेल्या मुलांना ही अट काही फारशी विज्ञानकाल्पनिक वाटली नव्हती.

पोवई नाका ते विश्रामबाग

२००३ साली प्रस्तुत प्रतिनिधी साताऱ्यात नववीत होता. पोवई नाक्याजवळच्या एका तळघरात सहा संगणकांचे कॅफे होते. ईमेल पाहायला आणि निकाल काढायला येणाऱ्या प्रतिष्ठितांनी पुढच्या दोन संगणकांवर बसायचे आणि खेळणाऱ्या पोरांनी मागच्या चारांवर, असा तेथील शिरस्ता. तासाला पंधरा रुपये. चौघांत मिळून एक तास घेतला की एक जण खेळे आणि तिघे मागे उभे राहून सल्ले देत. "दादा, अजून दहा मिनिटं द्या की," ही विनवणी आणि "आधीचे पाच रुपये कुठायत रं?" हे तिचे ठरलेले उत्तर. सुट्टीत आत्याकडे सांगलीला गेलो की विश्रामबागेत वेगळे जग दिसे. तेथे अभियांत्रिकीची मुले आठ-दहा संगणक एकमेकांना जोडून 'काउंटर-स्ट्राइक' खेळत आणि त्यांचा आरडाओरडा रस्त्यापर्यंत ऐकू येई.

हा दुसरा खेळ 'हाफ-लाइफ'च्याच पोटी जन्मला, हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. तसे ठाऊक नसणे हा माझ्या मते या साऱ्या कहाणीचा गाभा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

'काउंटर-स्ट्राइक' कोणत्याही कंपनीने योजून काढलेला खेळ नव्हे. मिन ली हा कॅनडातील एक विद्यार्थी आणि जेस क्लिफ हा त्याचा अमेरिकी जोडीदार या दोघांनी १९९९ च्या जूनमध्ये, 'हाफ-लाइफ'च्या अंतरंगात फेरफार करून, तो लोकांसाठी फुकट खुला केला. व्हॉल्व्हने त्यांच्यावर दावा ठोकला नाही. उलट तो खेळ आणि त्याचे कर्ते, दोघांनाही कंपनीत सामावून घेतले आणि नोव्हेंबर २००० मध्ये तो स्वतःच्या नावाने बाजारात आणला. सांगलीत ज्याच्या पिवळसर भिंतींमागे दबा धरून पोरे बसत, तो 'डस्ट' नावाचा नकाशा डेव्हिड जॉन्स्टन या शाळकरी वयाच्या ब्रिटिश मुलाने घरी बसून तयार केला होता.

हे शक्य झाले, कारण खेळ बनवण्याची हत्यारे व्हॉल्व्हने खेळासोबतच देऊन टाकली होती. 'वर्ल्डक्राफ्ट' या नावाचे, खेळातील खोल्या, भुयारे, दरवाजे, जिने रचण्याचे साधन 'हाफ-लाइफ'च्या मूळ सीडीतच होते. ज्या साधनाने ब्लॅक मेसा उभे राहिले, तेच विकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या हाती होते. मराठीत 'हत्यार' हा शब्द शस्त्रालाही चालतो आणि सुताराच्या पटाशीलाही. त्या एका तबकडीवर दोन्ही अर्थांची हत्यारे होती.

आमच्यापर्यंत मात्र एकाच अर्थाची पोहोचली. साताऱ्यात येणारी सीडी मूळ कधीच नसे. कोणीतरी पुण्याहून आणलेली, तिच्यावरून उतरवलेली, त्या प्रतीवरून पुन्हा उतरवलेली आणि वर मार्करने नाव खरडलेली ती प्रत असे. जागा वाचवण्यासाठी प्रत काढणारे 'अनावश्यक' भाग गाळून टाकत. आमच्या कॅफेतल्या प्रतीत संगीत नव्हते, आणि नकाशे रचण्याचे साधनही नव्हते. 'हाफ-लाइफ'ला उत्तम संगीत आहे, हे प्रस्तुत प्रतिनिधीला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळले. नकाशे रचता येतात, हे कळायला तेवढा उशीर झाला नाही, पण तोवर पदविका हाती आली होती आणि नोकरी लागली होती.

यावर सोपा निष्कर्ष असा की, चोरीच्या प्रतीने आमचे नुकसान केले. तो निष्कर्ष अर्धाच खरा आहे. त्या प्रतीवाचून खेळ आमच्यापर्यंत आलाच नसता. अधिकृत परदेशी खेळ मांडणारे दुकान तेव्हा आमच्या पाहण्यात नव्हते आणि असते तरी त्याची किंमत आमच्या घरांत कोणी मोजली नसती. शिवाय समजा, ती हत्यारे आली असती, तरी ती शिकवणारे कोण होते? शाळेच्या संगणक कक्षाला कुलूप असे आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. धूळ बसू नये म्हणून संगणकांवर टाकलेली फुलाफुलांची कापडी आवरणे आजही डोळ्यांसमोर आहेत.

भारनियमनातला दुसरा भाग

१६ नोव्हेंबर २००४ रोजी दुसरा भाग आला. त्याआधी वर्षभर त्याचे नशीब डळमळीत होते. सप्टेंबर २००३ अखेरीस येणार म्हणून गाजावाजा झाला आणि नेमक्या त्या सुमारास एका जर्मन हॅकरने शिरकाव करून चोरलेली त्याची मूळ संहिता महाजालावर पसरली. पण जे बाहेर आले, ते अद्‍भुतच होते. कम्बाइन नावाच्या परक्या सत्तेने पृथ्वी अवघ्या सात तासांत जिंकली आहे आणि पूर्व युरोपाची कळा असलेल्या 'सिटी १७' या शहरात माणसे रांगेत उभी राहून शिधा घेत आहेत. ब्लॅक मेसाचा माजी प्रशासक डॉ. ब्रीन आता मानवजातीचा कारभारी झाला आहे. भल्यामोठ्या पडद्यांवरून तो नागरिकांना गुलामीचे फायदे समजावून सांगतो. वस्तूंना वजन आहे, लाकूड तरंगते, फळी मोडते, हे सारे भौतिकशास्त्राच्या नियमांनी चाले. गुरुत्व-बंदुकीने कपाट उचलून शत्रूवर फेकता येई.

साताऱ्यात त्याचा मागमूस लवकर लागला नाही. पहिला भाग १३३ मेगाहर्ट्झच्या पेंटियमवर आणि २४ मेगाबाइट रॅमवर चाले. दुसऱ्याला किमान १.२ गिगाहर्ट्झ आणि २५६ मेगाबाइट हवे होते. कॅफेवाल्या दादांनी चक्क हात जोडले. आणि खरी मेख निराळीच होती. पाच सीडींचा हा खेळ विकत घेतला तरी तो इंटरनेटवरून व्हॉल्व्हच्या 'स्टीम' या यंत्रणेत नोंदवल्याखेरीज सुरूच होत नसे. बीएसएनएलने ब्रॉडबँड सेवा सुरू केली ती १४ जानेवारी २००५ रोजी, म्हणजे खेळ आल्यानंतर दोन महिन्यांनी, आणि जिल्ह्याच्या गावांपर्यंत ती पोहोचायला आणखी काळ गेला. तोवर दूरध्वनीच्या तारेवरून किरकिरत चालणारी जोडणी, आणि ती चालू असेपर्यंत घरचा फोन बंद.

याच काळात भारनियमनाने कळस गाठला. ६ जून २००५ रोजी वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली, पण दिवे जायचे ते जातच राहिले. कोणत्या भागात किती ते किती वीज नसेल, याचे वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून येई. घरातल्या पोरांना सकाळी उठून वृत्तपत्र हाती घेण्याची सवय लागली ती त्या वेळापत्रकामुळे, हे या व्यवसायात असल्याने मान्य करायला हरकत नाही. वीज गेली की यूपीएस शिट्ट्या घालू लागे आणि चारी खुर्च्यांवरून एकदमच एफ-६ दाबल्याचा आवाज येई. त्या कळीने खेळ होता तेथे जतन होई. अंधारात पाच-दहा मिनिटे गप्पा होत, वीज येत नाही असे दिसले की घरी. याच पावसाळ्यात कृष्णेला महापूर आला आणि सांगलीतील कित्येक तळघरे पाण्याखाली गेली. विश्रामबागेतील कॅफे त्यातून वाचले. काही वर्षांनी ते मोबाइलने बुडवले.

स्टीमच्या त्या अटीकडे तेव्हा 'आपल्याला परवडणारे नाही' एवढ्याच नजरेने आम्ही पाहिले. आज मागे वळून पाहता ती अट त्या खेळापेक्षा मोठी ठरली, असे म्हणावे लागते. सप्टेंबर २००३ मध्ये सुरू झालेले स्टीम हे आज संगणकीय खेळांचे जगातले सर्वांत मोठे दुकान आहे. तेथे पैसे भरून मिळतो तो खेळ नव्हे, खेळण्याचा परवाना. कॅलिफोर्नियात २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट शब्दांत सांगणे सक्तीचे केले, आणि त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, स्टीमने खरेदीच्या पानावर तशी सूचना लावली. मार्करने नाव लिहिलेली आमची सीडी बेकायदा होती, पण ती कपाटात होती. आजच्या मुलाचा कायदेशीर खेळ कोणाच्या तरी दूरच्या सर्व्हरवर, त्यांच्या मर्जीने आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने पबजीवर बंदी घातली तेव्हा गावोगावच्या मुलांना हे एका रात्रीत उमगले. त्याची भारतीय आवृत्ती २ जुलै २०२१ रोजी आली, २८ जुलै २०२२ रोजी दुकानातून अदृश्य झाली आणि मे २०२३ मध्ये परतली. या येण्याजाण्याविषयी खेळणाऱ्यांना कोणी विचारले नव्हते.

राहिला तिसरा भाग. दुसऱ्या भागाची पुढची दोन प्रकरणे २००६ आणि २००७ मध्ये आली. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी नायिका अ‍ॅलिक्स आपल्या मृत पित्याच्या छातीवर डोके ठेवून रडते आणि पडदा काळा होतो. त्यापुढे काहीच नाही. लेडलॉ २०१६ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी पात्रांची नावे बदलून, पत्राच्या रूपात, एक संभाव्य शेवट प्रसिद्ध केला. मार्च २०२० मध्ये अ‍ॅलिक्सवरचा स्वतंत्र खेळ आला, पण तो डोक्याला महागडे उपकरण लावून खेळायचा, म्हणजे पुन्हा आमच्या आवाक्याबाहेरचा. विशेष म्हणजे त्याच महिन्यात, चाहत्यांनी वर्षानुवर्षे खपून नव्याने रचलेला पहिला भाग 'ब्लॅक मेसा' या नावाने पूर्ण झाला आणि कंपनीच्या परवानगीने विकायला आला. खेळणाऱ्यांच्या हाती हत्यारे दिल्याचे हे फळ, एकवीस वर्षांनंतरही मिळत होते.

आपल्या पायाखालची प्रयोगशाळा

सातारकर मुलाला ब्लॅक मेसा परका वाटला नाही, याचे आणखी एक कारण आहे. शाळेची सहल कोयनानगरला जाते. डोंगराच्या पोटातली वीजगृहे आणि पाण्याचे बोगदे यांविषयी लहानपणापासून ऐकलेले असते. १३ मार्च १९९९ रोजी कोयनेच्या शिवसागर जलाशयाला तळातून छिद्र पाडण्याचा, 'लेक टॅपिंग'चा प्रयोग झाला, तेव्हा 'हाफ-लाइफ' बाजारात येऊन चारच महिने झाले होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप तर आमच्या आजी-आजोबांच्या बोलण्यात कालपरवा झाल्यासारखा येई. जलाशयाच्या भाराने भूकंप उद्‍भवतात का, या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या शास्त्रज्ञांना कोयना परिसर मुखोद्गत आहे. त्याच अभ्यासासाठी केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा कराडनजीक उभी आहे, आणि तिच्या कामाचा भाग म्हणून सह्याद्रीच्या खडकात सुमारे ३ किलोमीटर खोलीचे पथदर्शी छिद्र घेण्यात आले आहे.

धरण, विस्थापित गावे, भूकंप, डोंगराच्या पोटातली यंत्रे आणि जमिनीत तीन किलोमीटर खोल कान लावून बसलेले शास्त्रज्ञ! एवढे साहित्य अमेरिकेतील एखाद्या तालुक्यात असते, तर त्यावर आतापर्यंत दोन-तीन खेळ नक्की निघाले असते. आपल्याकडे त्यावर एकही निघाल्याचे ऐकिवात नाही. मराठीत विज्ञानकथा नाही, असेही नव्हे. डॉ. जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मले; मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या कथा वाचत वाढलेल्या तीन पिढ्या हळहळल्या. वाचायची विज्ञानकथा आपल्याकडे आहे. तिला खेळाच्या रूपात उभी करणारे हात जिल्ह्याच्या गावी तयार झाले नाहीत.

पुण्यात मात्र ते झाले. 'नॉडिंग हेड्स'ने भारतीय पुराणकथांवर बेतलेला 'राजी' हा खेळ २०२० मध्ये जगापुढे आणला, तोही २०१७ मधली लोकवर्गणीची मोहीम फसल्यानंतर तग धरून. पुण्याच्याच 'सुपरगेमिंग'ने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय भविष्यकल्पनेवर आधारलेला 'इंडस' हा नेमबाजीचा खेळ मोबाइलवर आणला. साताऱ्याहून पुणे तीन तासांवर आहे. हे अंतर कापून जाणारी मुले जातातच. राज्याच्या नव्या धोरणाची परीक्षा आहे ती, जी मुले जात नाहीत त्यांच्याबाबत. ३,२६८ कोटींतून इमारती आणि सवलती उभ्या राहतील, यात शंका नाही. त्यातला किती भाग जिल्हा परिषदेच्या शाळेच्या संगणक कक्षाचे कुलूप काढण्यावर आणि तेथे बसून मराठीत शिकवणाऱ्या माणसावर खर्च होईल, हा आकडा समोर येणे आवश्यक आहे.

पालकांच्या चिंतेला धुडकावून हे लिहीत नाही. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि गावाने दीड तास दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवण्याचे ठरवले. करोनाकाळात शिक्षणाच्या निमित्ताने हाती आलेला फोन मुले सोडेनात, हे त्यामागचे कारण. या भोंग्याची दखल देशभर घेतली गेली ती उगाच नव्हे. हिंसेचा प्रश्नही खराच आहे. १९९८ मध्येच जर्मनीसाठीच्या 'हाफ-लाइफ'मध्ये माणसांच्या सैनिकांऐवजी यंत्रमानव घालावे लागले होते. नव्या कायद्याने पैसे लावण्याच्या खेळांना चाप लावला, हेही योग्यच झाले. कर्जबाजारी झालेल्या तरुणांच्या बातम्या या प्रतिनिधीनेही लिहिल्या आहेत.

परंतु भोंगा दीड तासाने पुन्हा वाजतो. साडेआठ वाजता फोन परत हाती येतो, तेव्हा त्यावर काय असते? पूर्वीच्या तळघरात निदान चार पोरे एका पडद्याभोवती असत आणि वाद घालत. आज प्रत्येकाचा पडदा स्वतंत्र आहे आणि त्यावरचा खेळ आतून उघडून पाहण्याची सोय बहुधा नाही. कायदा खेळांचे तीन वर्ग करतो. उघडता येणारा खेळ आणि न उघडता येणारा खेळ, हा भेद त्यात कोठेच नाही. शिक्षणाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा ठरावा.

पंचविशीनिमित्त नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉल्व्हने 'हाफ-लाइफ' काही दिवस फुकट देऊ केला, तेव्हा प्रस्तुत प्रतिनिधीने आयुष्यात प्रथमच त्याची कायदेशीर प्रत घेतली. नकाशे रचण्याचे साधनही त्यासोबत मोफत उतरवून घेता येते. वर्ल्डक्राफ्टचे नाव आता 'हॅमर' झाले आहे. दिवाळीत सांगलीला बहिणीकडे गेलो असता आठवीतल्या भाच्याला ते दाखवले. पहिले दहा मिनिटे त्याने जांभया दिल्या. मग त्याने एक खोली रचली, भिंतीला विटा लावल्या आणि दिवा टांगला. दरवाजा काही केल्या उघडेना. मदतीची पाने इंग्रजीत, शाळा मराठी माध्यमाची. "मामा, हिंज म्हणजे काय हो?" त्याने विचारले. बिजागरी, मी सांगितले. बिजागरी चुकीच्या बाजूला बसली होती. ती नीट बसवून दरवाजा उघडेपर्यंत रात्रीचे साडेदहा वाजले आणि आतून बहीण ओरडू लागली.